थोरल्याची डहाळी

१९७१च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला नगरहून भंडारदऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीत महिनाभरासाठी धाडलं. तिथल्या देवराईतली जुनी झाडं मोजायची आणि वाडीतल्या मुलांना ती समजावून सांगायची, एवढंच काम. मी नगरकडच्या दुष्काळी कर्जतचा. आमच्याकडे बाभळीखाली बसलं तरी सावलीत बसलो म्हणतात. त्यामुळे जंगलाबद्दल पुस्तकात होतं तेवढं सगळं मला ठाऊक होतं, आणि तेवढंच.

देवराई झुंबरबाईंच्या हवाली होती. साठीच्या, विधवा, अंगानं काटकुळ्या. देवाच्या शेंदरी दगडापुढचं झाडून काढायचं आणि दिवसभर राखण करायची, हे त्या चाळीस वर्षं करत होत्या.

"मोजायचं तेवढं मोज," पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं. "पर हितलं पान बाहेर जात न्हाई. वाळकं बी न्हाई."

आत गेलं की दुपार कुठं जायची कळत नसे. ऊन वरच्या वरच अडायचं आणि खाली नुसता हिरवा उजेड उतरायचा. टेपचं एक टोक मी धरायचो, दुसरं झुंबरबाई. दोघं दोन बाजूंनी बुंध्याला वळसा घालायचो आणि पलीकडे भेटलो की त्या दर वेळी नव्यानं भेटल्यासारख्या हसायच्या. कित्येकदा आकडा लिहायचा विसरून मी तसाच खोडाला टेकून बसे, आणि झाड सावकाश श्वास घेतंय असं वाटे. हे अर्थात अहवालात लिहिता येण्याजोगं नव्हतं.

दर सोमवारी वाडीतली मुलं यायची. मी तक्ता टांगून मूळ, खोड, पान असं सुरू केलं की पोरं जांभया द्यायची. मग झुंबरबाई म्हणायच्या, "गप ऱ्हावा आन् सांगा, वर कोन बोलतंय." पोरं चिडीचूप. मीही कान देऊन ऐकायचो. मला माझ्या तक्त्याचा राग यायचा.

मधोमध एक झाड होतं, आम्हा दोघांच्या कवेत न मावणारं. गाव त्याला नुसतं 'थोरलं' म्हणे. मी सरांना वर्णन लिहून पाठवलं. फुलासकट डहाळी पाहिल्याशिवाय नाव सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. मेच्या मध्याला थोरलं पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. झुंबरबाई पाण्याला गेल्या होत्या. मी वीतभर डहाळी मोडली आणि कागदात दाबून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. एवढ्या मोठ्या झाडाचं काय बिघडतं, अशी मनाची समजूतही घातली.

वैशाखी अमावास्येला गाव देवराईपाशी जमतं, हे मला आदल्या दिवशी कळलं. राखणदारानं दगडावर हात ठेवून सांगायचं, की वर्षात एक पानही बाहेर गेलं नाही. गेलं असेल, तर वर्षभर राखणदारानं आत पाऊल टाकायचं नाही. झुंबरबाई नेसायचं लुगडं धुऊन वाळत घालत होत्या, खुशीत होत्या. चाळीस वेळा त्या खरं बोलल्या होत्या. उद्या माझ्यामुळे खोटं बोलणार होत्या, आणि त्यांना ते कळणारही नव्हतं.

सकाळी मी डहाळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सुकलेल्या फुलांवरून बोट फिरवलं.

"यानं नाव कळंल?"

"कळेल."

"मग ने. आता काय ती परत लागनार हाय व्हय?"

"मावशी, गावापुढं मी सांगतो. चूक माझी आहे."

"तुला आत मीच घेतलं हुतं," त्या म्हणाल्या.

गावातले वडीलधारे सूर्यभानबाबा यांनी रीतीप्रमाणे विचारलं. झुंबरबाईंनी दगडावर हात ठेवलाच नाही. "यंदा एक डहाळी गेली," एवढंच बोलल्या. मी उठून माझं नाव सांगितलं, पण मला कुणी साधं रागावलंही नाही. रीत राखणदारासाठी होती, पाहुण्यासाठी नव्हती. त्या दिवसाइतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी झाडाचं नाव सांगायला गेलो. झुंबरबाई देवराईच्या दगडी गडग्याबाहेर बसल्या होत्या. रोज सकाळी येऊन दिवस मावळेपर्यंत तिथंच बसत. झाडलोट गाव पाळीपाळीनं करत होतं. सोमवारी मुलं आत जायची आणि त्या बाहेरून सांगायच्या. मी ते शास्त्रीय नाव सांगितलं. त्यांनी ते जिभेवर घोळवून पाहिलं.

"आमचं थोरलंच बरं," म्हणाल्या.

वारा सुटला. आत पानं वाजू लागली, आणि त्यांची मान आपोआप तिकडे वळली. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"मावशी, चला आत. घटकाभरच. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे.

"मी हाय ना बघाया," त्या म्हणाल्या. "तू जा. थोरल्याखाली लई पाला साठलाय."

मी आत गेलो आणि अंधार पडेपर्यंत झाडत राहिलो.