कोपरापर्यंत हात घालणारे ग्रेडरकाका

दुकानात काचेमागे मांडून ठेवलेल्या वस्तूकडे ग्रेडरकाका ढुंकूनही पाहत नसत. दिग्रसच्या बाजारात त्यांनी जन्मभर कापसाची प्रत ठरवली. गाडीतला वरचा पांढराशुभ्र कापूस सोडायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि तळचा कापूस ओढून काढायचा. निवृत्तीनंतर ही सवय मोबाइल, मिक्सर आणि टीव्हीच्या दुकानांत गेली. "वरचा माल दाखवाचा रायते, खालचा विकाचा," ते म्हणत. त्यांना सोबत घेतल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणी साधी इस्त्रीही आणत नसे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. गल्ली सगळं ऑनलाइन मागवते. मला मात्र नवं खोकं उघडताना ते अजून शेजारी हवे असतात.

दुकानदाराला ते हमखास विचारत, "बिघडलं तं दुरुस्त कोन करते? इथंच, का नागपूरले धाडता?" आणि मग, "तुमच्या घरी कोन्तं वापरता?" यावर समोरचा अडखळला, की काका सरळ चपला घालत. मिक्सर घ्यायला जाताना तर पिशवीत भिजवलेली चणाडाळ असे. ती वाटून पाहिल्याशिवाय सौदा नाही. एका दुकानदाराने त्यांना अक्षरशः हात जोडले होते.

मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा लॅपटॉपसाठी बाबांनी त्यांनाच माझ्यासोबत यवतमाळला पाठवलं. मला एक चंदेरी, वहीसारखा पातळ लॅपटॉप भयंकर आवडला. काकांनी तो चालू करून माझ्या मांडीवर ठेवायला लावला आणि तासभर आम्ही दुकानातल्या बाकावर बसून राहिलो. मांडी चांगलीच भाजायला लागली. "पाह्यलं? अन् याची मेमरी पुढं वाढवताबी येत नाई," ते म्हणाले, आणि एक जाडा, काळा लॅपटॉप घ्यायला लावला. "चार वर्षं काढाचे हाये तुले, मिरवाचं नाई."

परतीच्या बसमध्ये मी तोंड फुगवून बसले होते. दारव्हा गाव मागे पडलं आणि मी बोलून गेले, "काका, तुमाले कापसातलं समजते. यातलं काईच नाई समजत."

"बरोबर हाये तुयं," ते एवढंच म्हणाले.

पुढे आईकडून कळलं की काका आता कोणाबरोबर दुकानात जात नाहीत. कोणी बोलवायला आलं, तर "मले यातलं समजत नाई" म्हणतात. हे माझं पाप होतं आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या काळ्या लॅपटॉपने चारही वर्षं मला दगा दिला नाही. दर सुट्टीत मी माफी मागायचं ठरवून घरी येई, पण जीभ रेटत नसे.

नोकरी लागल्यावर त्यांच्यासाठी कानाचं मशीन घ्यायचं ठरलं आणि मीच त्यांना यवतमाळला नेलं. काका दुकानात गप्प बसून होते. एकही प्रश्न नाही. मला ते बघवेना. मग मीच विचारलं, दुरुस्ती कुठे होते, सेल किती दिवस जातो. दुकानदार त्यांच्या कानात मशीन बसवून, समोर उभा राहून मोठमोठ्याने बोलून दाखवत होता. असं तर ओठ पाहूनही कळतं. मी काकांच्या कानात मशीन तसंच ठेवून त्यांना दारात, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. मी चार पावलं मागे गेले आणि हळूच म्हणाले, "काका, त्या दिवशी बसमध्ये मायं चुकलं. तुमच्याइतकं कोनालेच नाई समजत."

समोरून ऑटो, ट्रक जात होते. काका वळले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि दुकानदाराला म्हणाले, "हेच द्या. साफ आयकू येते."