मी सांगितलेला कोयतेवाला

नणंदेचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रुखवताची उरलीसुरली भांडी घ्यायला आम्ही दोघी गावातून जीपनं केजला आलो होतो. मी शाळेत सहावीला गणित शिकवते. माझी नजर पक्की, स्मरणशक्ती त्याहून पक्की, असा घरात माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलेला आहे.

आधी पटवेकऱ्याकडे गेलो. सासूबाईंचं सोन्याचं गंठण नव्यानं गाठवून घेतलं. आता ते पिशवीत ठेवावं की गळ्यात घालावं, यावर भर दुकानात आमची कुजबुज. शेवटी गळ्यात घातलं, वरून पदर घेतला, पदराला पिन लावली. त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत होता, की कोयते घेतलेली टोळी बाजारात शिरलीय आणि बायकांच्या गळ्यातलं ओढून नेतेय. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. पण मी दर दहा पावलांना गळ्याशी हात नेत होते आणि नणंद दर दहा पावलांना दातओठ खाऊन म्हणत होती, "वहिनी, हात खाली घ्या ना. तुमीच सांगायलाव लोकांना, इथं सोनं हाय म्हणून!"

भांडी घेतली. एका गाड्यावर थांबून टरबूज घेतलं. स्टँडकडे जाणाऱ्या गल्लीत वळलो, तोच मागून आरोळी आली, "ओ! ओ, थांबा!"

मी वळून पाहिलं. एक माणूस आमच्याच रोखानं धावत येत होता आणि त्याच्या उगारलेल्या हातात उन्हानं लखलखणारं पातं होतं.

"पळ!" एवढंच मी म्हणाले. टरबूज हातातून सुटून फुटलं. नणंदेनं भांड्यांची पिशवी पोटाशी धरली आणि आम्ही खणखणाट करत जे सुटलो, ते थेट पोलीस चौकीत जाऊन थांबलो.

तिथल्या हवालदार बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, कागद पुढे ओढला. "म्याडम, दम घ्या. कसा होता माणूस?"

मी अगदी वर्गात शिकवावं तशी सांगत सुटले. सहा फुटी. पंचविशीतला. काळा शर्ट. भरघोस मिशा, दाढी नाही. हातात कोयता, हातभर लांब. "ऊसतोडीचे कोयते लहानपणापासून बघत आलेय मी, कोयता ओळखायला चुकणार नाही."

"एक न्हाई, दोघं होते," नणंद मध्येच म्हणाली. "मोटारसायकलवर. मागच्याच्या डोक्यात हेल्मेट होतं."

"मोटारसायकल कुठं होती? पळत आला तो!"

"वहिनी, मी आवाज ऐकला ना गाडीचा!"

"तो आपल्या पातेल्यांचा आवाज!"

हवालदार बाईंनी लिहिलेलं खोडलं. तेवढ्यात दारात एक साठीपुढचे चाचा येऊन उभे राहिले. पांढरा सदरा घामानं चिकटलेला, मेंदीनं केशरी झालेली दाढी, काखेत वर्तमानपत्राची सुरळी. छाती भात्यासारखी हलत होती. आम्हाला बघून ते म्हणाले, "बेटी, जरा ऐक—"

"चाचा, थांबा हो थोडं," मी म्हणाले. "इथं गंभीर चाललंय."

चाचा शहाण्यासारखे बाकावर बसले आणि माझं वर्णन ऐकू लागले. मिशा, काळा शर्ट, कोयता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"या अल्ला! आपल्या बाजारात? मी बी त्याच गल्लीतून आलो की आत्ता. मला कसा न्हाई दिसला?"

"तुमचं नशीब," नणंद म्हणाली.

हवालदार बाई मात्र लिहायच्या थांबल्या होत्या. त्या चाचांच्या काखेकडे बघत होत्या. "चाचा, तुमचं काय काम हाय?"

"माझं काय न्हाई. या दोघी टरबूज घेताना माझ्या गाड्यावर ही वस्तू विसरल्या. लई आवाज दिला, तर अजूनच पळायला लागल्या." त्यांनी पळताना फाटलेला कागद बाजूला केला. आत आमचा बुंदीचा झारा होता. लांब दांड्याचा, कोराकरकरीत, आरशासारखा.

हवालदार बाईंनी टेबलावर डोकं टेकवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. नणंदेला हसता हसता उचकी लागली. मला हसूही येत होतं आणि चाचांपुढं जमिनीत गडप व्हावंसंही वाटत होतं. ते मात्र अजून कोड्यात होते. "म्हणजे कोयतेवाला कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमीच की चाचा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पंचविशीतले. सहा फुटी."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "दाढी बी न्हाई म्हणली का ही?" आणि मग तेही असे हसले की बाक करकरला.

समोरच्या मोबाइल दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. बाईंच्या सांगण्यावरून दुकानदारानं दाखवलं. एका हातात निसटलेली चप्पल, दुसऱ्या हातात झारा, असे चाचा दुडुदुडू धावतायत आणि पुढं दोन बाया किंचाळत सुटल्यात. मी किंचाळल्याचं मला मुळीच आठवत नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी याच माणसाकडून मी टरबूज निवडून घेतलं होतं, ते बोटानं वाजवून दाखवताना त्यांच्या तोंडाकडे बघितलं होतं. तरी भीतीच्या त्या घटकेत मला फक्त एक चमकणारी वस्तू दिसली, आणि बाकीचा माणूस मी मनानंच उभा केला. त्या मिशा कुणाच्या होत्या, ते आजही मला सांगता येत नाही. आणि खरं सांगते, झारा हातात घेऊन पाहिल्यानंतरसुद्धा डोळे मिटले की मला तो कोयताच दिसतो.

मी चाचांची हात जोडून माफी मागितली. हवालदार बाईंनी कागद फाडला. चाचांनी आम्हाला गाड्यावर नेऊन दुसरं टरबूज कापलं, आणि आम्ही तिघं उभ्या उभ्या, कोपरापर्यंत रस ओघळत खाऊ लागलो. मध्येच चाचा थबकले.

"बेटी, तू इतकं पक्कं सांगत होती," ते हळूच म्हणाले. "असा एखांदा खरंच असला तर?"

"चाचा, अहो तो तुम्हीच होता!"

"ते झालं. पण चला, मी सोडतो."

शेजारच्या पेरूवाल्याला गाडा बघायला सांगून ते आमच्या पुढे निघाले, प्रत्येक बोळाशी थांबून आधी आत डोकावत. जीपच्या ड्रायव्हरला त्यांनी बजावलं, "या पोरींना पुढच्या सीटवर बसव बे, आन् मधी कुठं थांबू नको." जीप हलली तेव्हा नणंद माझ्या खांद्यावर तोंड दाबून हसत होती, आणि मागच्या बाया विचारत होत्या, "कावून रडायली ओ ही? काय झालं?"