रुमालाखालची नाडी

यवतमाळच्या बैलबाजारात मला माझ्याच हृदयाने फसवलं.

तिथे दलाल रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरून बोटांनी भाव सांगतो. माझा हात धरणारा म्हातारा अनोळखी होता. डोळे मिटून, हनुवटी वर करून बसलेला. अंगठा मात्र माझ्या मनगटावर टेकलेला. तांबडा बैल मला फार आवडला होता, म्हणून मी जांभया दिल्या, बैलाला नावं ठेवली, दोनदा उठायचं सोंगही केलं. म्हातारा एक रुपया उतरला नाही.

सौदा झाल्यावर मी भडकलो, "उतरले काहून नाही?"

"मालक, तोंडानं तुम्ही जांभया देऊन राह्यले अन् नाडी घोड्यावानी पळून राह्यली. मी कोनाचं आयकू?"

तेव्हापासून मी स्वतःचंच मनगट धरून बसतो. तो बाजार आठवला की ठोके वाढतात, सावकाश श्वास सोडला की उतरतात. डॉक्टर म्हणतात, हाव असो की राग, मेंदू आपल्याला न विचारता हुकूम सोडतो. हृदय पळतं, रक्तदाब चढतो.

असेल. पण हा कोरा चेहरा मी इतकी वर्षं घासून कमावला. माझ्या मनातलं परक्याच्या अंगठ्याला सांगायची परवानगी हृदयाला कुणी दिली? त्याने जाब द्यावा.