बेहरेन्सबाईंच्या आजोबांची जमीन

हॅनोव्हरला लेकाकडे राहायला आल्यापासून साधनाताईंच्या हाताला काम उरलं नव्हतं. चौतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात जमिनीचे नकाशे वाचलेली बाई; इथे वाचायला काय, तर कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा त्याचा तक्ता. तोही त्यांनी तोंडपाठ केला आणि सुनेच्या चुका काढायला सुरुवात केली. घरादाराच्या सुदैवानं लवकरच खालच्या मजल्यावरच्या बेहरेन्सबाईंशी त्यांची गट्टी जमली. बाई एक्याऐंशीच्या, एकट्या. एकीचं जर्मन मोडकंतोडकं, दुसरीला मराठीचा गंध नाही, पण गुरुवारच्या कॉफीला कधी खंड पडला नाही. त्या परक्या गावात साधनाताईंची स्वतःची म्हणावी अशी ती एकच मैत्रीण होती.

एका गुरुवारी बेहरेन्सबाईंनी कागदांचं खोकं पुढे ठेवलं. त्यांचे आजोबा तरुणपणी आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, जर्मन वसाहतीत गेले होते आणि १९०७ साली तिथल्या जर्मन सरकारकडून त्यांनी मोठी जमीन घेतली होती. येत्या जूनमध्ये सगळं घराणं जमणार, म्हणून बाई घराण्याचं पुस्तक लिहीत होत्या. चर्चच्या नोंदींवरून सात पिढ्या सापडल्या होत्या, जमिनीचे कागद मात्र उलगडत नव्हते.

"जमीन हा तुमचा विषय, फ्राऊ साधना," त्या म्हणाल्या. "आजोबा सांगायचे, तिथे कुणी नव्हतंच. नुसतं गवत. तेवढं कागदावरून खात्रीनं लिहिता आलं की झालं."

साधनाताईंची कळी खुलली. पंधरा वर्षांच्या नातीला, उर्जाला, त्यांनी दुभाषी म्हणून शेजारी बसवलं. पोरीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमधून येई. आज तिला मराठीत बोलायची सक्ती होती, त्यामुळे ती जरा घुश्श्यातच होती.

मालकाचं नाव आधी बघायचं नाही, हा साधनाताईंचा नोकरीतला शिरस्ता. नाव काय, कुणीही लावून घेतो. आधी विहीर शोधायची, मग वाट, मग स्मशान.

"ही गोल खूण कसली गं?" खोक्यातल्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"विहीर."

"आणि या फुल्या?"

"ग्रेबर. म्हणजे... कबरी, आजी."

एकोणीस फुल्या होत्या. त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. बेहरेन्सबाईंनी ते भिंगातून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. उर्जानं सांगितलं, "वस्ती. सोडून दिलेली."

"बघा!" बेहरेन्सबाई म्हणाल्या. "सोडून दिलेली. म्हणजे कुणी नव्हतंच की!"

साधनाताईंचं बोट त्या अक्षरांवरून हलेना.

"आजी," उर्जा हळूच म्हणाली, "१९०४ला जर्मन सैन्यानं तिथल्या हेरेरो लोकांना वाळवंटात हाकललं. खूप मेले. म्हणजे, शाळेत होतं आम्हाला."

साधनाताई गप्प बसल्या असत्या तर पुस्तक छान झालं असतं, गुरुवारही चालू राहिले असते. या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची? पण 'सोडून दिलेली' हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती तेव्हा एका डोंगरउतारावर त्या पाहणीला गेल्या होत्या. धनगरांची अकरा घरं, चुली, कोंबड्या, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. साहेब म्हणाले, पड जमीन लिहा, कुणाची वहिवाट नाही म्हणून लिहा. त्यांनी लिहिलं. वर साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं, तेव्हा त्या खुशीत लाजल्याही होत्या. तीस वर्षांपेक्षा जास्त काळ ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

"विहीर आपोआप खणली जात नाही, बाई," त्या म्हणाल्या. "माणसं होती तिथे. तीन वर्षं आधी त्यांना हाकललं, मग कागदावर 'सोडून दिलेली' लिहिलं. असे शब्द कसे लिहितात ते मला ठाऊक आहे. मी लिहिलेत." आणि त्यांनी अकरा घरांची सगळी हकिगत सांगितली. उर्जा एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत गेली, तसा तिचा आवाज बारीक होत गेला.

बेहरेन्सबाईंनी कप बाजूला सारला. संपलं सगळं, साधनाताईंच्या मनात आलं. उठावं म्हणून त्यांनी पदरही सावरला.

तेवढ्यात बेहरेन्सबाईंनी काहीतरी विचारलं. उर्जा आजीकडे बघेचना.

"काय म्हणाल्या गं?"

"त्या विचारतायत... त्या अकरा घरांतले लोक कुठे गेले?"

साधनाताईंनी हातातला पदर सोडला. मग नातीला मध्ये न घालता, आपल्या मोडक्या जर्मनमध्ये त्या म्हणाल्या, "माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

बेहरेन्सबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"मीही नाही," त्या म्हणाल्या.