काकांचे बूट

बुटांच्या पॉलिशची डबी उघडली की त्या वासाने मी आजही खुलतो. लहानपणी विश्रांतवाडीला काकांकडे राहायचो. दारातल्या चपलांची रांग वाकडी दिसली की काका मला पट्ट्याने फोडून काढायचे. अजूनही कुठेही गेलो तरी सगळ्यांच्या चपला सरळ केल्याशिवाय मला बसवत नाही.

आयटीच्या पगारावर खराडीत फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला काका आले. दारातली रांग पाहून पाहुण्यांसमोर गरजले, "बघा, माझ्या पट्ट्याची शिस्त!"

मी त्यांचे बूट चकाचक पॉलिश केले आणि जिन्याकडे तोंड करून ठेवले.

"काका, आपले बूट तयार आहेत. निघा आता."

"अरे, जेवायचंय अजून!"

"शिस्त म्हणजे शिस्त."

काका उपाशी गेले. मी मनसोक्त जिलब्या चापल्या, पण आधी उरलेल्या चपला पुन्हा सरळ केल्या.