गिरिजाक्कांनी कोरा ठेवलेला रकाना

सरकारी फॉर्म हा आपल्याशी बोलणारा माणूस आहे आणि त्याला बोलायची रीत नाही, असं गिरिजाक्कांचं ठाम मत होतं. अक्षर लावून लावून त्यांना वाचता येई, पण फॉर्म त्या स्वतः कधी वाचत नसत. समोरच्याला वाचायला लावत आणि एकेका रकान्याला तोंडी उत्तर देत. 'वडिलांचे नाव' असं मी वाचलं की त्या म्हणत, "आईचं का न्हाई विचारलं? बाळंतपण बापानं केलं व्हय?"

"अक्का, हे मी विचारत नाही. फॉर्म विचारतो."

"मग त्यालाच सांगतेय की. तू लिही, तम्मा."

तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. वयानं मी त्यांचा नातू शोभलो असतो. पण त्यांनी एकदा नातं ठरवलं की त्याविरुद्ध अपील नसे.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कचेरीत कारकून होतो आणि परदेशी नागरिकांच्या नोंदीचं टेबल माझ्याकडे होतं. ऐकायला हे भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात एक नोंदवही, एक शिक्का आणि वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं. दवाखान्यातल्या मिशनरी बायका, गिरणीत यंत्र बसवायला आलेला एखादा इंजिनियर, नाहीतर अक्कलकोटच्या मठात येऊन राहिलेला एखादा जटाधारी, ज्याला आपला पासपोर्ट कुठे आहे हे माहीत नसे आणि त्याची खंतही नसे. माझे साहेब मात्र या टेबलाला 'परराष्ट्र विभाग' म्हणत. आणीबाणीचे दिवस होते. भिंतीवर कमी बोला, जास्त काम करा अशी पाटी होती. साहेब त्यातलं पहिलं अर्धं पाळत.

या विभागात एके दिवशी इरकली लुगडं नेसलेल्या, कपाळावर विभूती लावलेल्या गिरिजाक्का एका उंच, गोऱ्या, नाक उन्हानं सोललेल्या मुलीला मनगटाला धरून घेऊन आल्या. मुलीचं नाव रेनाटे. अक्का तिला रेणू म्हणत.

अक्कांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर घर. त्यांचा मुलगा राजशेखर रंगाईचं शिक्षण घ्यायला पश्चिम जर्मनीत गेला होता. दोन वर्षं तो रेनाटेच्या आईवडिलांच्या घरात राहिला, त्यांच्याच टेबलावर जेवला. तो परत आल्यावर त्याचं लग्न झालं, जुळं झालं, आणि सून महादेवी दोन पोरांनी पार दमून गेली. तेव्हा रेनाटेनं स्वतःच पत्र लिहिलं की मी वर्षभर येते, पोरं सांभाळते, मला तुमच्याकडची भाषा आणि चादरीचं विणकाम शिकवा. तिच्या देशात ही रीतच होती. परक्या घरी राहायचं, निम्मा दिवस मुलं बघायची, निम्मा दिवस शिकायचं. तिथे त्याचे छापील नियमही होते. पोरीला स्वतःची खोली हवी, कामाचे तास ठरलेले हवेत, तिला घरच्यांबरोबर जेवायला बसवलं पाहिजे. या व्यवस्थेला 'ओ पेअर' म्हणतात, असं रेनाटेनं मला सांगितलं, आणि अर्थही सांगितला, "बरोबरीची. नोकर नाही."

"बरोबरीची कशी?" अक्का म्हणाल्या. "मी साठीची, ही एकवीसची. लेक म्हण की, सरळ."

आमच्या नियमांत पर्यटक होता, विद्यार्थी होता, नोकरदार होता, धर्मप्रसारक होता. लेक नव्हती. मी 'पाहुणी' असं लिहून रेनाटेला सहा महिन्यांची मुदत दिली आणि परराष्ट्र विभागाचं त्या दिवसाचं कामकाज संपलं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात साहेबांच्या बायकोनं नव्या पेठेत कापड घेताना वरच्या गच्चीवर एक गोरी मुलगी लंगोट वाळत घालताना पाहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. लंगोट धुणं हे काम आहे. काम आहे म्हणजे नोकरी आहे. नोकरीचा व्हिसा नाही म्हणजे नियमभंग आहे. एवढी तर्कशुद्धता त्यांनी कचेरीच्या कामात एरवी कधी दाखवली नव्हती. तसा शेरा पासपोर्टवर पडला की त्या मुलीला या देशात पुन्हा पाय ठेवता येणार नाही, हे त्यांनी मला समाधानानं सांगितलं. मग मला चौकशीला अक्कांच्या घरी पाठवलं.

मी गेलो तेव्हा जेवणं चालली होती. रेनाटे मांडी घालून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात होती, दोन्ही मांड्यांवर एकेक पोर. स्वयंपाकाच्या मल्लव्वा शेजारीच बसल्या होत्या आणि अक्का उभ्यानं वाढत होत्या.

"मल्लव्वा, तुमी अजून अर्धी घ्या की," असं म्हणून त्या वळल्या. "आणि तू गं, रेणू? उंटासारखी वाढलीस आणि चिमणीवानी खातीस. लाज न्हाई वाटत? ऊटा माडु."

जेव, असा त्याचा अर्थ. रेनाटेनं मुकाट्यानं आणखी एक भाकरी मोडली. तिला मराठी येत होतं आणि कन्नडही येत होतं. कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे मात्र माहीत नव्हतं. आमच्या गावात ते फारसं कुणालाच नसतं.

मी चौकशीचा कागद काढला. अक्कांनी तो वाचायला लावला. 'सदर व्यक्ती नोकर आहे काय?'

"लिही," त्या म्हणाल्या. "नोकर माणसाला मी अहो-जाहो करते. मल्लव्वांना बारा वर्षांत एक वाकडा शब्द बोलले असेन तर त्यांनाच विचार. हिला दिवसातनं दहा वेळा शिव्या घालते. आता कोण नोकर आणि कोण लेक, ते तुझ्या सायबाला कळंल की."

मल्लव्वा पदर तोंडाला लावून हसल्या. मी ते जसंच्या तसं लिहून नेलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "शिव्या हा पुरावा होत नाही," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. ते घरी स्वतः कुणाकडून काय ऐकून घेत होते, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी मार्ग काढला. 'कुटुंबातील पाहुणी' म्हणून मुदतवाढीचा अर्ज करावा, ते तो मुंबईला पाठवतील.

मी अर्ज घेऊन पुन्हा माडी चढलो. सगळं सुरळीत भरून झालं. शेवटचा रकाना होता, 'परत जाण्याची तारीख'.

अक्कांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. फॉर्मशी त्या न भांडल्याचा तो एकच प्रसंग मला आठवतो.

"ते कोरं ठेव."

"अक्का, कोरं चालत नाही. काहीतरी टाकू. दिवाळीनंतरची."

"लेक घरात जेवती-खाती हाय, आणि ती कधी जाणार ते कागदावर लिहून ठिवायचं? कुठल्या घरात लिवतात असलं? आल्या माणसाला कधी जातोस म्हणून मी तोंडानं विचारत न्हाई आणि तू लिहून मागतोस. कोरं ठेव म्हणते ना."

रेनाटे म्हणाली, "अक्का, लिहू दे. फक्त कागद आहे."

"तू गप. तुला काय कळतंय?"

मी आग्रह करायला हवा होता. नाहीतर बाहेर येऊन जिन्यात बसून स्वतः एखादी तारीख टाकायला हवी होती. कुणालाही कळलं नसतं. पण त्या बाईसमोर मला आपला नियम क्षुद्र वाटला आणि मी अर्ज तसाच पाठवला. दीड महिन्यानं मुंबईहून तो परत आला. कोऱ्या रकान्यावर लाल पेन्सिलीची फुली होती. तोवर रेनाटेची मुदत संपून गेली होती. सोबत हुकूम होता. शुक्रवारपर्यंत तिनं सोलापूर सोडून परतीची वाट धरावी. तसं केल्यास पासपोर्टवर शेरा नाही, शुक्रवार उलटल्यास शेरा आणि खटला.

तो दिवस बुधवार होता. गुरुवारी साहेब मोहोळला दौऱ्यावर होते. देश सोडण्याच्या परवान्याशिवाय तिला निघता येत नव्हतं, आणि त्यावर त्यांची सही शुक्रवारी दुपारी झाली.

परवाना घेऊन मी माडीवर गेलो. शुक्रवारी लेक घराबाहेर पाठवायची नाही, ही त्या घरातली न मोडणारी रीत. स्वतःच्या मुलीला सासरी न्यायला आलेल्या जावयाला अक्कांनी शुक्रवार, मग अमावस्या, मग आणखी कसलातरी दिवस सांगून चार दिवस बसवून ठेवलं होतं, हे साऱ्या पेठेला माहीत होतं. म्हणून मी आधीच म्हणालो, "अक्का, तिला उद्या सकाळी पाठवा. नोंदवही माझ्याकडे आहे. मी आजचीच तारीख घालतो."

त्यांनी परवाना माझ्या हातातून घेतला.

"न्हाई, तम्मा. माझ्या एका हट्टापायी पोरीचे वर्षातले पाच महिने गेले. आता तुझ्या खोट्यापायी तिच्या पुस्तकावर डाग नको पडायला. आजच पाठवायची."

सून महादेवी सासूला म्हणाली, "अत्ती, आज शुक्रवार."

"ठाव हाय मला वार. ताट कर, ओटी भरू."

संध्याकाळी स्टेशनवर राजशेखर सामान चढवत होता. रेनाटेच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या, पदराच्या जागी ओढणीत नारळ आणि तांदूळ बांधले होते. ती रडत होती. अक्का रडत नव्हत्या. त्यांनी मला तिचा पासपोर्ट उघडायला लावला आणि एकेक पान उलटून दाखवायला सांगितलं.

"डाग न्हाई न्हवं कुठं?"

"नाही, अक्का."

"नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. मग त्यांनी तो आपल्या हातानं तिच्या पिशवीत घातला, तिच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि तिला डब्यात चढवलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता लिही तुझ्या वहीत. शुक्रवारी गेली. पण सरकारनं घालवली असं लिहू नगं. मी पाठवली म्हणून लिही."

"तसा रकाना नाही, अक्का."

"मग कुठंतरी बाजूला लिही की."

रेनाटे त्यानंतर दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा व्हिसा बिनबोभाट मिळाला. दुसऱ्या खेपेला ती अक्कांच्या उशाशी महिनाभर बसून होती, शेवटपर्यंत. पण वहीतली ती नोंद मी केली ती दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी. तारीख, वार, गाडी, आणि समासात बारीक अक्षरात, 'आईने पाठवली'. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता खाली सही केली आणि गोल शिक्का मारला.