विहिरीत सुटलेला पाना

राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये दरवर्षी हे गणित येतं: पंचेचाळीस फूट खोल विहिरीत वस्तू सोडली, तर खाली पोचायला किती वेळ? पोरं सूत्र शोधत बसतात. मला उत्तर तोंडपाठ आहे. पावणेदोन सेकंदांपेक्षा थोडं कमी.

ते पाठ झालं तेव्हा मी बारावीत होते. मोर्शीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली मोटार बिघडली होती. बाबा विहिरीत पाण्यालगतच्या फळीवर उभे, मी वर काठाशी. त्यांना मोठा पाना हवा होता, दोरीला बांधून सोडायचा. विहिरीत माणूस असला की आमच्याकडे एक नियम असतो. वरून काही सुटलं तर हाक मारायची नाही, नुसतं ‘भिंत!’ ओरडायचं. खालचा माणूस वर न बघता भिंतीला चिकटतो. हाक मारली की माणूस वर बघतोच.

फिजिक्समध्ये वर्गात पहिली येणारी मी, गाठ मात्र एकच मारली. पाना सुटला. सुटताना इतका हळू, की हात घातला तर धरता येईल. मी हात घातला, तोवर त्याने वेग घेतला होता.

“बाबाऽ!” मी ओरडले.

त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. शेवटच्या क्षणी त्यांनी मान फिरवली. खट्ट आवाज आला, मग पाण्याचा. मग काहीच नाही. पुन्हा हाक मारायची माझी छाती होत नव्हती.

“ठीक हाओ मी,” खालून आवाज आला. “रडू नको.”

एका हाताने लोखंडी पायऱ्या धरत ते वर आले. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. “तुह्या मायले काही सांगू नको,” ते म्हणाले. “पाना माह्याच हातून सुटला.”

तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. बाबा खालच्या फांद्यांचीच संत्री तोडतात, आणि ते बघताना मला दरवेळी लाज वाटते.

या हंगामात संत्री निवडता निवडता मी आईला सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही.

“मालूम हाय मले. हातातला पाना पायावर पडते, खांद्यावर नाई.”

“मग इतकी वर्षं बोलली काहून नाही?”

“तुह्या बापाले लबाडी जमत नाई. आयुष्यात एकच केली, ते बी तुह्यासाठी. ते मी काहून मोडू?”